कोमट होईपर्यंत

सोमवार, दुपार

जावईबापू,

नमस्कार, आशीर्वाद, वगैरे जे काय असतं ते समजून घ्या. मला वेळ नाही.

गीझरचं काय करून ठेवलंय ते कळवा. सुरू होतो, पण पाणी तापत नाही. जाताना तुम्ही बटण खालच्या खुणेवर आणून त्याला तार गुंडाळलीत, ती मला सुटत नाही. पक्कड घेऊन बसले तर तार राहिली बाजूला आणि माझंच बोट सापडलं. गेला महिना-दीड महिना मी कोमट पाण्याने अंघोळ करते आहे आणि रोज तुमची आठवण काढते आहे. कशी काढते ते विचारू नका.

तुमचा फोन लागत नाही. तुमच्या कंपनीच्या ऑफिसातला माणूस म्हणतो, वर बोगद्याच्या कॅम्पवर रेंजच नाही, निरोप पोचवतो. त्याचा आवाज ऐकूनच कळलं की तो काही पोचवणार नाही. म्हणून ही चिठ्ठी भाजीच्या ट्रकवाल्याकडे देते आहे. तो रोज वर जातो म्हणे. माणूस बरा वाटला, निदान जांभया देत नव्हता.

आपलं शेवटचं बोलणं मी विसरलेली नाही. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. शब्दकोशाच्या कामात ज्या आठवड्यात जो इंग्रजी शब्द माझ्या टेबलावर असतो तो घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो. 'लेझी' आला तेव्हा ठमीने ऐकून घेतलं. पोटची पोर आहे, सांगते कुणाला. 'ल्यूकवॉर्म', म्हणजे कोमट, आला तेव्हा समोर तुम्ही होतात. प्रत्येक अर्थाला एक उदाहरणाचं वाक्य लागतं, आणि वाक्यं काही आभाळातून पडत नाहीत, ती मी घरातूनच उचलते. मी लिहिलं: 'बाप होणार ही बातमी ऐकून जावयाने कोमट प्रतिसाद दिला.' छपाईआधीचे कागद जेवणाच्या टेबलावर राहिले आणि तुम्ही ते वाचलेत.

मी म्हणाले, "खोटं आहे का?"

तुम्ही म्हणालात, "नाही आई, वाक्य बरोबर आहे." स्वतःचं ताट धुऊन ठेवलंत, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर, बर्फातल्या कॅम्पचा बॉयलर सांभाळायची नोकरी धरून चालते झालात.

अहो, भांडायचं ना माणसासारखं! ताट आपटायचं होतं. म्हणायचं होतं, सासूबाई, तुम्ही कजाग आहात. मी काही खचले नसते, मला सवय आहे. पण बरोबर आहे म्हणायचं आणि निघून जायचं, याला काय म्हणावं? 

हे सगळं लिहायचं नव्हतं. गीझरचंसुद्धा लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं ते एवढंच: ठमी शनिवारी बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. मुलगी आहे. जिवंत आहे. तुम्ही या.

आई


मंगळवार, सकाळी, दवाखान्यातून

जावईबापू,

ट्रकवाला भेटला. म्हणाला, "साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि बॉयलरकडे निघून गेले." मी विचारलं, बोलले काय? म्हणे काही नाही. तोंडावर काही दिसलं? म्हणे टोपी होती.

शाबास.

बरं, मी कालच्या चिठ्ठीत सगळं लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. म्हणजे मग तुम्हाला 'मला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणायला जागा राहणार नाही. पोरगी दीड किलोसुद्धा नाही. काचेच्या पेटीत ठेवली आहे. रंग, हातपाय, नाकडोळे सगळं जागच्या जागी आहे, फक्त सगळंच लहान. त्रास असा आहे की ती मधेच श्वास घ्यायचं विसरते. हो, विसरते. सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारतात, मग तिला आठवण होते. प्रत्येक वेळी माझा जीव टांगणीला लागतो आणि सिस्टर शांतपणे पुढच्या पेटीकडे जातात.

बाळांचे डॉक्टर म्हणाले, पेटी हवीच, पण नुसती पेटी पुरत नाही. अशा बाळांना दिवसातून काही तास कुणाच्या तरी उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवावं लागतं. माणसाच्या अंगची ऊब मिळते, आपला श्वास वरखाली होतो त्याच्या नादाने त्यांचाही चालू राहतो. हे आईने करायचं. तर आई वरच्या मजल्यावर, तापाने फणफणलेली. बाळंतपणानंतर तिला इन्फेक्शन झालं आहे. तिला बाळाजवळ आणता येत नाही. मी पदर खोचून तयारच होते, तर नेमका मला खोकला! सिस्टरनी दारातूनच परत पाठवलं. आता मी तोंडाला फडकं बांधून काचेबाहेर बसते आणि आतल्या पोरीला हात हलवते. तिला काय दिसणार, दिव्यापासून जपायला डोळ्यांवर पट्टी आहे.

मग राहिलं कोण? बाप. सिस्टरनी विचारलं, "बाळाचे वडील कुठे आहेत?" मी म्हणाले, "कामावर आहेत, येतीलच." तुमच्यासाठी मी खोटं बोलले, हे लक्षात ठेवा.

इथे बसून करायचं काय, म्हणून कोशाचे कागद आणले आहेत. 'एल' या अक्षराचं काम आता छापायला जायचं आहे आणि आमचे मुख्य संपादक रोज फोन करतात. आम्ही त्यांना मागून अल्पविराम म्हणतो, दर तीन शब्दांनी थांबतात. त्यांनी 'ल्यूकवॉर्म'चं मूळ पुन्हा तपासायला सांगितलं आहे. पुष्कळांना वाटतं, ल्यूक नावाचा कुणी बाबा होऊन गेला असेल आणि तो गार चहा पीत असेल. तसं काही नाही. जुन्या इंग्रजीत 'ल्यूक' म्हणजेच कोमट. पुढे लोक तो अर्थ विसरले आणि त्याला 'वॉर्म' जोडून बसले. म्हणजे कोमट-गरम. एकच गोष्ट दोनदा सांगायची, तुम्हा लोकांच्या कंपनीसारखं.

आणि त्याच्याही मागे गेलं तर तो शब्द निघतो आडोसा या अर्थाच्या जुन्या शब्दातून. वारा लागत नाही अशी बाजू, भिंतीमागची जागा, तिथे जी ऊब असते ती. मला हे काल कळलं. बत्तीस वर्षं शब्द चिवडते आहे आणि हे कळलं काल, दवाखान्याच्या बाकावर.

आडोसा म्हणे! आडोशाला बसायचं तर भिंत जागेवर असायला हवी. ती कुठे आहे? डोंगरावर, पाइप गरम करते आहे.

ट्रक दुपारी निघतो. तुम्ही त्याच ट्रकने खाली येऊ शकता. मी विचारून ठेवलं आहे, पुढे बसायला जागा आहे.

आई


बुधवार

तुम्ही आला नाहीत.

ट्रकवाला म्हणाला, "साहेबांनी एकच विचारलं, बाळाचं अंग किती गरम राहतं म्हणाल्या?" म्हणजे पोरगी कशी आहे हे नाही. ठमी कशी आहे हे नाही. आकडा हवा! ठीक आहे, घ्या आकडा. काल संध्याकाळी पस्तीस-चार. सिस्टर म्हणतात छत्तीसच्या खाली जाता कामा नये. लिहून घ्या तुमच्या बॉयलरच्या पाटीवर.

आज सकाळी ती पुन्हा विसरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. टिचकी मारली, दुसरी मारली, मग सिस्टरनी डॉक्टरांना हाक मारली, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. मी काचेला दोन्ही हात लावून उभी होते. मी ओरडले, "अगं घे ना श्वास, कार्टे!" आतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि घेतला तिने. माझ्या ओरडण्याने नाही, डॉक्टरांनी काहीतरी केलं म्हणून. पण घेतला.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजचा आणि उद्याचा दिवस काढू द्या. वडील आले तर फार बरं होईल."

मी आता जावईबापू वगैरे म्हणत नाही. हे बघ, तुला माझा राग असेल तर तो माझ्यावर काढ. मी घर सोडून जाते वाटल्यास, माझ्या बहिणीकडे राहीन, ती नको नको म्हणेल पण राहीन. घरजावई म्हणून तुला कुणी हसलं असेल, मीही हसले असेन. पण ही पोरगी कुणाला हसलेली नाही. तिला अजून हसता येत नाही. तू ये. चालत ये, रांगत ये, काहीही कर.

ट्रकवाला म्हणतो, वर आभाळ भरलं आहे, दरड येऊ शकते, आजची फेरी झाली तर झाली. म्हणून घाईत लिहिते आहे.

आई


गुरुवार

दरड आली. रस्ता बंद आहे. ट्रक काल अर्ध्या वाटेतून परत आला, आणि माझी कालची चिठ्ठी माझ्याच हातात परत दिली. म्हणजे तू ती वाचलेलीच नाहीस. आजची तर कुठे जाणारही नाही. तरी लिहिते आहे, कारण बाकावर दुसरं कुणी नाही आणि मनात ठेवून बसायची मला सवय नाही.

ठमीचा ताप उतरणीला लागला आहे. सकाळी तोंडाला फडकं बांधून वर गेले. तिला पोरीचं सगळं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, छान आहे, झोपते. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी शब्दांत पटाईत असेन, पण खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

मग विषय बदलायला मी गीझर काढला. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने तारा गुंडाळून ठेवल्यात, महिनाभर मी कुडकुडते आहे, म्हातारपणी सासूला छळायची ही कुठली तऱ्हा? तर ही रडायलाच लागली.

म्हणाली, "आई, ते मी सांगितलं होतं. पोटात बाळ असताना कडक पाण्याने अंघोळ केली की मला गरगरायचं. एकदा बाथरूममध्ये पडता पडता वाचले. तू दर वेळी बटण वर करायचीस. मी त्याला म्हटलं, आईला सांगू नकोस, ती काळजीने घर डोक्यावर घेईल. म्हणून त्याने तार बांधली आणि तुझं बोलणं खाल्लं."

मी म्हणाले, "आणि ते वाक्य? बातमी ऐकून तो नुसता 'बरं' म्हणाला होता, मी समोर होते!"

तर म्हणे, "तू समोर होतीस म्हणूनच. तू नाचत होतीस, शेजारपाजार गोळा केला होतास, तुझ्यापुढे कुणाला नाचायला जागा होती? नंतर तो गॅलरीत जाऊन एकटाच बसला. मी गेले तर म्हणाला, मला भीती वाटते, जरा बसू दे."

"मग गेला का निघून?"

"त्याला वाटलं, तू म्हणतेस तसाच असेन मी. म्हणाला, बाळाला बाप कसा असावा हे तुझ्या आईला जास्त कळत असेल."

मी खाली आले. कोशाचा कागद मांडीवर घेतला. माझी चूक वगैरे आत्ता बोलायला मला उसंत नाही. आत पोरगी आहे आणि तिचं अंग पुन्हा गार पडतंय. ते संपू दे, मग बघू कोण कुणाला काय म्हणालं.

तू कुठे आहेस? कॅम्पवर असशील तर निदान आत राहा, दरडीखाली येऊ नकोस. काल मीच लिहिलं रांगत ये म्हणून. बरं झालं ती चिठ्ठी पोचली नाही.


शुक्रवार, काचेच्या या बाजूने

जावईबापू,

हे सिस्टर तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, कारण तुमचे दोन्ही हात गुंतले आहेत आणि मला आत सोडत नाहीत. सिस्टर, मधे कुठे मी जास्त बोलले असले तर तेवढं गाळा.

मला अजून राग आहे, तो आधी सांगून टाकते. मंगळवारीच त्या ट्रकमध्ये बसला असतात तर दरडीच्या आधी खाली पोचला असतात. पण नाही! आधी पाइपातलं पाणी काढायचं, मग बॉयलर दुसऱ्याला समजावून द्यायचा, मग निघायचं. तुम्ही म्हणालात, "आई, तसाच आलो असतो तर सगळे पाइप गोठून फुटले असते. वर शंभर माणसं आहेत." बरोबर आहे. तुमचं नेहमी बरोबरच असतं, त्याचाच संताप येतो मला. आणि मग निघालात ते दरडीच्या अंगावरून पायी, दीड दिवस. शहाण्या माणसाने करायची गोष्ट आहे का ही? चालत या असं लिहिलेली चिठ्ठी तर माझ्याच पर्समध्ये होती!

सकाळी दारात उभे राहिलात तेव्हा मी ओळखलंच नाही. मला वाटलं कुणी पेशंट आहे. ओठ काळेनिळे, बुटात बर्फ, बोटं वळत नव्हती. मी तुम्हाला ढकलतच होते आत, "जा, जा लवकर, उभे काय राहता!" आणि सिस्टरनी तुमचा हात हातात घेतला नि आडव्या आल्या. "हा माणूस बर्फ आहे. याला बाळ देणार नाही. आहे ती ऊबही हा काढून घेईल."

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुठल्याही भाषेत सांगू शकत नाही. आठवडाभर ज्या छातीची वाट पाहिली ती आली, दाराबाहेर उभी आहे, आणि गार आहे! आत यंत्र टुकटुक करतंय. पस्तीस-दोन.

मी धावले तडक दवाखान्याच्या स्वयंपाकघराकडे. उकळतं पाणी आणलं टबभर. मला तेवढंच येतं, तुम्हाला माहीत आहे. सिस्टर ओरडल्या, "अहो बाई, भाजाल त्यांना! बधिर झालेत पाय, चटकासुद्धा कळायचा नाही. कोमट करा, कोमट!"

मग मी खाली बसले आणि गार पाणी घालत गेले. थोडं घालायचं, कोपर बुडवून बघायचं. अजून गरम. पुन्हा घालायचं. आता जास्त झालं, परत थोडं गरम. अर्धं पाणी फरशीवर. आयुष्यात इतका जीव ओतून मी कुठली गोष्ट बेतली नव्हती. तुम्ही बाकावर बसून माझ्याकडे बघत होतात. म्हणालात, "आई, झालं. पुरे. बरोबर आहे."

मग तुमचे पाय त्यात, हात त्यात, अंगावर माझी शाल, वरून ट्रकवाल्याचा कोट. तो बिचारा तुम्हाला कुठे गाठून घेऊन आला कोण जाणे, दारात उभाच होता. सगळे तुमच्याकडे बघत होतो. सिस्टर दर थोड्या वेळाने मानेला हात लावून जायच्या. "अजून नाही." मी आत बघायचे, बाहेर बघायचे. पुन्हा, "अजून नाही." तुम्ही डोळे मिटून बसला होतात. एकदाही म्हणाला नाहीत की आता द्या. मीच म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "थांबू दे आई. गार हात नको लावायला तिला." आणि थांबलात.

मग एकदाच्या सिस्टर म्हणाल्या, "आता या."

तुम्हाला आतून दिसत नसेल, म्हणून सांगते. काचेतून तुमच्या छातीवर फक्त तिची टोपी दिसते आहे आणि एक मूठ. यंत्राचा पडदा माझ्याकडे तोंड करून आहे. दुपारपासून माझे डोळे बहुतेक त्यावरच आहेत. आत्ता छत्तीस-सहा आहे. तुम्ही तिला घेतल्यापासून ती एकदाही विसरलेली नाही.

मधे वर जाऊन आले. ठमी उठून बसली होती, तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. माझा हात धरून म्हणाली, "आई, कसा आहे तो? खरं सांग." मी म्हणाले, "स्वतः हात लावून पाहिला. कोमट आहे." ती एवढी हसली की सलाईनची नळी हलली, आणि मग रडली, आणि मग मीही. ताप नव्हता तिला. डॉक्टर म्हणतात, उद्या तिलाही खाली आणतील.

तुम्ही घाई करू नका. तिथेच बसा. भूक लागली असेल तर सिस्टर भरवतील, लाजू नका. गीझरची तार आहे तशीच आहे, पोरगी घरी येईल तेव्हा लागेल.

मघाशी अल्पविरामांचा फोन आला. कागद पाठवायचे होते, म्हणून मी ते जुनं वाक्य खोडलं आणि नवं सांगितलं: 'बाळाला घेण्याआधी बाप हात कोमट होईपर्यंत थांबला.' त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे, पहिल्या अर्थाचं, झालं, बाई. पण उत्साह नसलेला, मनापासून नसलेला, त्या दुसऱ्या अर्थाचं, उदाहरण?"

मी म्हणाले, "आमच्या घरात नाही. दुसरीकडे शोधा."

आई